पोस्त, बोनस आणि उचल

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील आष्टीसारख्या तालुक्याच्या गावी कष्टकऱ्याच्या हाती तीन प्रकारे पैसा येतो. घरगुती दुकानातील नोकराला मालक ‘पोस्त’ देतो : थोडी रोख रक्कम, मिठाईचा पुडा, क्वचित कपड्यांचा जोड. कारखान्यातील कामगाराला ‘बोनस’ मिळतो. ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याला मुकादम ‘उचल’ देतो. ती पुढे मजुरीतून फेडावी लागते. पोस्त मर्जीची, बोनस हक्काचा आणि उचल कर्जाची.

१९६५ च्या कायद्याने बोनसला हक्काचे रूप दिले. पुढे त्याचे किमान प्रमाण वेतनाच्या ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाकाठी सुमारे एका महिन्याचा पगार, असे ठरले. मात्र कारखाने वगळता हा हक्क सामान्यतः वीस वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरताच राहिला. दोन-तीन नोकरांच्या दुकानाच्या उंबरठ्याशी कायदा थांबतो. तेथून पुढे मालकाची सदसद्विवेकबुद्धी.

त्याच १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीच्या आदेशपत्रात बजावले, की न्यायाने जे देणे लागतो ते दानधर्म म्हणून देऊ नये. या कसोटीवर आपली पोस्त उतरते काय? वर्षभर अपुरा पगार द्यायचा आणि सणाला पाकीट देऊन औदार्य मिरवायचे, तर त्या पाकिटात नोकराचाच पैसा असतो. मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या धन्याने उशिरा आलेल्यांना उदारपणे दिले खरे. पण पहाटेपासून राबलेल्यांची ठरलेली मजुरी त्याने आधी बुडविली नव्हती.

यावर छोटा दुकानदार म्हणेल, “पाऊस हुकला की गिऱ्हाईक आटते, उधारी वसूल होत नाही. मी तरी कोठून देऊ?” ही अडचण खोटी नाही. अवर्षणप्रवण मुलखात शेताचे नुकसान दुकानापर्यंत येतेच. म्हणून पोस्तीचे मोल रकमेवरून ठरवू नये. तंगीच्या वर्षी ती लहान असेल. पण तिच्यासाठी पगार अडवू नये, तिचे उपकार वर्षभर बोलून दाखवू नयेत आणि ती घेतली म्हणून नोकराला दुसरीकडे जाण्यास मज्जाव करू नये. तसे केले, तर पोस्त आणि उचल यांत फरक तो काय उरला?

आपल्या ख्रिस्ती कुटुंबांनी आणखी एक विचार करावा. आपला सण नाताळ. दुकानातील नोकराचा कदाचित दिवाळी किंवा ईद. त्याच्या मुलांना कपडे हवे असतात ते त्याच्या सणाला. तेव्हा पोस्त त्या दिवसाआधी त्याच्या हाती पडावी. डिसेंबरची वाट त्याला पाहावयास लावू नये.