दिलेलं शेत पेरलं का?



आजचं वाचन विनयपिटकातल्या महावग्गाचं. भगवंतांनी राहावं कुठे, असा विचार राजा बिंबिसार करतो. गावापासून फार लांब नको, फार जवळही नको. लोकांना जाता-येता यावं. दिवसा गर्दी नको, रात्री गोंगाट नको. मग त्याला आपलं वेळुवन आठवतं, आणि सोन्याच्या झारीतलं पाणी सोडून तो ते भिक्खुसंघाला देतो.

पाणी सोडलं की दान झालं, असं मी इतकी वर्षं समजत आलो. पण नाशिकची त्रिरश्मी लेणी पाहिली असतील त्यांनी तिथलं तीन नंबरचं लेणं आठवावं. गौतमीपुत्र सातकर्णीच्या दोन आज्ञा तिथे कोरलेल्या आहेत. पहिली त्याच्या राज्याच्या १८ व्या वर्षाची. आधी उषवदाताकडे असलेलं, पश्चिम काखडी गावातलं २०० निवर्तनांचं शेत भिक्खूंना दिलं. (निवर्तन म्हणजे तेव्हाचं जमिनीचं माप.) राजाने दिलं, दगडावर कोरलं. आणखी काय पाहिजे?

सहा वर्षांनी, २४ व्या वर्षी, दुसरी आज्ञा. ही एकट्या राजाची नाही, राजमाताही सोबत आहे. गोवर्धनच्या अमात्याला कळवलंय की काखडीतलं ते शेत कसलं जात नाही आणि गावात वस्तीही नाही. तेव्हा नगराच्या हद्दीवरच्या आमच्या स्वतःच्या शेतातलं १०० निवर्तन या भिक्खूंना द्या.

मला हे फार मोठं वाटतं. आपलं दान वाया गेलं हे राजाने लपवलं नाही, ज्या लेण्यात दान कोरलं तिथेच तेही कोरलं. ओसाड गावातल्या पडीक शेतावर भिक्खूंचं पोट कसं भरणार, हे त्या घरात कुणीतरी विचारलं असेल. आईनेच विचारलं असेल, असं आपलं मला वाटतं.

कारण आमच्या घरीही आईनेच विचारलं. आमचं गाव मेहकर तालुक्यातलं. बाबांनी जाताना सांगितलं होतं, रस्त्याकडचे पाच गुंठे विहाराला. आम्ही भावांनी पुण्यानुमोदनाला सगळ्यांसमोर जाहीर केलं, टाळ्या झाल्या, धुऱ्यावर बोर्डही लावला. परवा आई म्हणाली, "काहून रे, बोर्ड विहाराचा अन् तूर कोनाची हाय?"

काखडीचं शेत निदान पडीक होतं. आमचं आम्हीच पेरतो. तीन वर्षं त्या तुरीची डाळ घरात खाल्ली, सातबारा अजून बाबांच्याच नावावर.

काल थोरल्या भावाला फोन केला. आधी "दिवाळीनंतर पाहू" म्हणाला, मग गप्प झाला, मग हो म्हणाला. वारसाची नोंद आधी लागेल, बक्षीसपत्र त्यानंतर. सोमवारी तलाठ्याकडे जातोय. शेतात तूर उभी आहे. ती विहार समितीला सांगून यायची आहे, आणि ते मलाच करावं लागणार.