पटाशीचे दात आणि सोयऱ्यांची नजर

लातूर-नांदेडकडे सोयरीक जुळवायला चार माणसं बसली, की एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘पोरगी गुणाची हाय, पण दात जरासे पुढं हायेत.’ हे ‘जरासे’ म्हणजे नेमके किती, ते कुणीच मोजलेलं नसतं. तरी त्यानंतर वीस-बावीस वर्षांची मुलगी फोटोत ओठ मिटून हसायला लागते, आई अंगावरचा डाग मोडायचा विचार करते आणि लग्नाआधी वर्षभरात ‘तार बसवून’ घ्यायचं ठरतं. ही काळजी मनापासूनची असते, हे मला मान्य आहे. माझी तक्रार एवढीच, की ती चुकीच्या वयात केली जाते आणि बहुतेक वेळा चुकीच्या मुलांबद्दल केली जाते.

वरचे पटाशीचे दात खालच्या दातांच्या थोडे पुढे आणि त्यांच्यावर थोडे उतरलेले असायलाच हवेत. घास तोडायला तीच ठेवण लागते. दाढांवर दाढा टेकवून तोंड मिटलं, की हे अंतर आडवं आणि उभं, दोन्हीकडे साधारण २ ते ३ मिलिमीटर भरतं. त्याहून थोडं जास्त भरलं म्हणजे लगेच व्यंग झालं असं नाही. इंग्लंडमध्ये ब्रूक आणि शॉ यांनी १९८९ साली उपचाराची गरज ठरवण्यासाठी पाच श्रेणींचं मोजमाप मांडलं. दात साडेतीन ते ६ मिलिमीटर पुढे असले आणि ओठ सहज मिटत असले, तर त्यात दुसरी श्रेणी मिळते, म्हणजे उपचाराची फारशी गरज नाही. ६ च्या पुढे चौथी श्रेणी, ९ च्या पुढे पाचवी. दात खोलवर उतरलेले असले, तरी ते हिरडीला किंवा टाळूला टेकत नसतील तर प्रकरण किरकोळ. टेकून जखम करत असतील तर मात्र गंभीर.

हे तपासायला मोठी यंत्रं लागत नाहीत. चांगला दंतवैद्य लहानशी पट्टी खालच्या दाताच्या दर्शनी बाजूला टेकवतो आणि वरच्या दाताच्या कडेपर्यंतचं अंतर वाचतो. मग छोटा आरसा आत घालून वरच्या दातांमागची जागा बघतो : तिथं खालच्या दातांचे ठसे उमटलेत का, हिरडी लाल झालीय का. मधल्या वेळात गप्पा मारता मारता त्याचं लक्ष ओठांकडे असतं. ते आपसूक मिटतात, की मिटवताना हनुवटी आवळावी लागते? एवढ्याला पाच मिनिटं पुरतात. हे काहीच न बघता हप्त्यांचा कागद पुढे आला, तर सरळ उठावं आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावं.

खरी गरज असते ती अकरा-बारा वर्षांच्या मुलांना. ज्याचा खालचा जबडा मागे राहिलाय आणि वरचे दात ७-८ मिलिमीटर पुढे आलेत, असं लेकरू शाळेच्या मैदानावर पडलं की पहिला मार त्याच दातांना बसतो. पुढे आलेल्या दातांना इजा होण्याचा धोका बराच जास्त असतो, हे अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. या वयात शरीर वाढत असतं आणि काढता-घालता येणाऱ्या साधनाने त्या वाढीचा फायदा करून घेता येतो. विल्यम क्लार्क यांनी स्कॉटलंडमध्ये १९७७ साली सुरू केलेलं ‘ट्विन ब्लॉक’ हे त्यातलंच. विशीनंतर हाडाची वाढ थांबलेली असते. मग दात सरकवता येतात, जबडा वाढवता येत नाही. उलट आठ-नऊ वर्षांच्या मुलाचे पुढचे दात फाकलेले दिसले म्हणून घाबरण्याचं कारण नाही. सुळे उतरले की ती फट बहुतेक वेळा आपोआप मिटते.

मोठ्या वयात कुणाला स्वतःलाच आपलं हसू बदलायचं असेल, तर तो तिचा किंवा त्याचा अधिकार आहे आणि त्याला ‘नखरे’ म्हणणं मला पटत नाही. फक्त पदरात काय पडणार ते नीट कळलं पाहिजे. दीड-दोन वर्षं दर चार-सहा आठवड्यांनी खेप. जागा करायला कधीकधी उपदाढा काढाव्या लागतात. ब्रश नीट झाला नाही तर तारेभोवती पांढरे डाग पडतात. तार निघाल्यावर वर्षानुवर्षं रिटेनर लावावा लागतो, नाहीतर दात पुन्हा जुन्या जागी सरकायला लागतात. लग्नाची तारीख धरून हे सगळं बसवता येत नाही. आणि ज्या घरात आजीच्या, काकूच्या हिरड्या रोजच्या मिसरीने सोलून निघाल्यात, त्या घराने आधी कोणत्या तोंडाकडे बघावं, हेही एकदा विचारलं पाहिजे.

पैशाचं गणित आपल्याकडे सोयाबीनमध्ये मांडलेलं बरं. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. तारेचं बिल समजा ४०,००० झालं, तर तो आठ क्विंटलांहून जास्त माल होतो, तोही हमीभाव मिळाला तर. कोरडवाहू एकरभर रानातून बहुधा तेवढंही निघत नाही. सोयऱ्यांच्या एका ‘जराशा’ शेऱ्यापायी एवढं पीक जाऊ नये.

हाच पैसा, हीच कळकळ लहान मुलांकडे वळवायला व्यवस्था तयार आहे, अर्धी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं वर्षातून एकदा शाळेत येऊन मुलं तपासतात. त्यांच्या मूळ यादीत तीस आजार आणि व्यंगं आहेत. फाटलेला ओठ आणि टाळू त्यात आहे, दातांची कीड आहे, मागे राहिलेला जबडा आणि पुढे आलेले दात नाहीत. सहावी-सातवीच्या मुलांसाठी त्यात एक पट्टी आणि एक रकाना वाढवायला फार खर्च येणार नाही. अंतर ६ मिलिमीटरच्या वर भरलं, किंवा टाळूला जखम दिसली, की मुलाला चिठ्ठी द्यायची. बाकीच्यांच्या आईबापांना सांगायचं, काळजी करू नका.

चिठ्ठी मिळाल्यावर जायचं कुठं, हा पुढचा अडसर. लातूरला दंत महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय आहे. अशा ठिकाणी पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात, म्हणून खर्चही कमी येतो. पण किनवटच्या मुलाने दर महिन्याला संभाजीनगर गाठायचं म्हणजे सोबतच्या माणसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं आणि शाळाही चुकते. दोन-तीन खेपांनंतर उपचार अर्धवट सुटतो, आणि अर्धवट सुटलेली तार दातांना अपायच करते. म्हणून महिन्यातून एक ठरलेला दिवस महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात बसावं, तार आवळण्याचं काम तिथंच व्हावं, ही मागणी पालकांनी आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनी लावून धरली पाहिजे.