पहिलीतील तिसरी भाषा

जबलपुरातील मराठी घरात पहिलीतले मूल 'माझी पुस्तक' म्हणते, तेव्हा आपण हसून त्याला सुधारतो. दोष त्याचा नव्हे. मराठीत नपुंसकलिंगी असलेले पुस्तक शाळेतल्या हिंदीत स्त्रीलिंगी होते. उद्या ते मूल स्पॅनिश शिकू लागले, की तीच वस्तू 'लीब्रो' या नावाने पुल्लिंगी व्हायची! या तीन लिंगांचा भार कोवळ्या जिवास होतो काय? आमच्या मते होत नाही. सवंगड्यांबरोबर खेळताना भाषा कानावाटे आपोआप आत शिरते. भार होतो तो गृहपाठाचा आणि गुणपत्रिकेचा.

हा विचार सुचण्यास कारण घडले ते महाराष्ट्रातील वादाचे. तेथील शासनाने १६ एप्रिल २०२५ रोजी मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी अनिवार्य केली. पुढे त्या निर्णयात दुरुस्ती झाली, आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. लहान मुलांवर तिसरी भाषा लादू नये, हे विरोधकांचे म्हणणे येथे बसून आम्हीही उचलून धरले. परंतु आमच्यातीलच काही जण मुलांसाठी स्पॅनिशची शिकवणी शोधीत होते, त्यांना हा भार आठवला नाही. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात परकीय भाषांमध्ये स्पॅनिशचे नाव आहे खरे. पण ते माध्यमिक शाळेसाठी. आम्हांला पहिलीचीच घाई!

मुलाच्या संमतीवाचून त्याला भाषा देण्याचा अधिकार आपणांस कोठून आला? मातृभाषाही आपण त्याला विचारून दिली नाही, हे मान्य. मात्र ती देताना आपण स्वतः तिच्यात राहत होतो. रागावणे, समजावणे, अंगाई, सारे तिच्यातच चाले. स्पॅनिश आपण विकत आणतो आणि मुलाला तिच्यात एकटे सोडून देतो. ती शिकवूच नये, असे आम्ही म्हणत नाही. हौसेने शिकणारे मूल शिकेलच. आमची तक्रार निराळी आहे. 'वेळ नाही' हे उत्तर फक्त मराठीच्याच वाट्याला का यावे?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हिंदी-मराठी अशा जोडभाषिक मध्य प्रदेशातून विदर्भ वेगळा झाला आणि आपले जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्यांनी प्रयत्न करावा, असे सांगणारे संविधानातील कलम ३५०-क हेही १९५६च्याच घटनादुरुस्तीचे. मंडळाच्या सभेत ते कलम आपण आवेशाने वाचतो. घरी जेवताना मात्र मुलाशी हिंदीत बोलतो, कारण म्हणे त्याचा अभ्यास बिघडेल. जेवणाच्या पाटापर्यंत कोणते कलम पोचणार?

आमच्या एका स्नेह्यांनी आपल्या सात वर्षांच्या कन्येला स्पॅनिशच्या वर्गाची वार्ता मोठ्या कौतुकाने सांगितली. तिने विचारले, ''बाबा, तुम्ही आणि आईपण शिकणार?'' ते ''नाही'' म्हणाले, तेव्हा ती म्हणाली, ''मग मी बोलू कोणाशी?''

शुल्क तोवर भरून झाले होते.