डोंगर घेतला, परत काय द्यायचे?

शेजाऱ्याकडून आणलेले भांडे घासूनपुसून परत करावे, रिकामे तर पाठवूच नये, अशी आपल्या घराघरांतली रीत. पण उसना घेतला तो डोंगर असेल तर?

खाणपट्टा म्हणजे मालकी नव्हे. तो मुदतीने मिळतो. २०१५ च्या कायदा-दुरुस्तीनंतर लोहखनिजासारख्या खनिजांच्या नव्या पट्ट्यांची मुदत ५० वर्षे आहे. मुदत संपते, खनिज जहाजातून निघून गेलेले असते, गाव मात्र तिथेच राहतो. गोव्यातील डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांनी हे पाहिले आहे. एक टन लोहखनिज काढायला साधारण अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला टाकावे लागतात. पावसाळ्यात त्या ढिगाऱ्यांची माती ओहोळांत आणि भातशेतीत उतरते. खाण खोल गेली की भूजल उपसावे लागते आणि आसपासच्या विहिरी आटतात.

कायदा याबाबत गप्प नाही. पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते, खाण बंद करण्याचा आराखडा आधीच द्यावा लागतो. वरची सुपीक माती वेगळी काढून जपावी, असा नियम आहे. २०१७ च्या नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार मोठ्या यांत्रिक खाणींना हेक्टरी पाच लाख रुपयांची हमी द्यावी लागते. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला सांगितले की, खाणकाम संपल्यावर त्या जागी पुन्हा गवत उगवेल, चारा आणि झाडेझुडपे वाढतील अशी जमीन करून देण्याची अट पट्ट्यातच घाला.

मग मंजुरीचा कागद हाती आला की कर्तव्य संपले का? आम्हाला तसे वाटत नाही. कागद फक्त खोदण्याची मुभा देतो. परत करण्याची नियत देत नाही. शिवाय या कामात मागाहून जागे होऊन भागत नाही. सुपीक माती एकदा ढिगाऱ्यात मिसळली की कितीही पैसे मोजले तरी ती वेगळी काढता येत नाही. ढिगाऱ्यांवर ऑस्ट्रेलियन अकेशिया लावला की लांबून सारे हिरवे दिसते. पण हिरवे दिसणे वेगळे आणि गुरांना चारा, विहिरीला पाणी परत मिळणे वेगळे.

कोणी म्हणेल, खाणी थांबल्या तर चुली विझतात. हेही खरे आहे. मार्च २०१८ मध्ये गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रकमालक, बार्जवरचे कामगार, गॅरेजवाले हवालदिल झाले. आपल्या घराच्या स्लॅबमध्येही लोखंडी सळ्या आहेतच. म्हणून खाणमालकाकडे बोट दाखवून आपण मोकळे होत नाही. लोखंड हवे, तर जमीन सावरण्याचा खर्चही त्याच्या किमतीत धरला पाहिजे. तो पुढच्या पिढीच्या खात्यावर लिहू नये.

डोंगर परत येणार नाही, हे मान्य करू या. जे परत देता येते ते तरी आधी ठरवून, जपून ठेवता येते. नव्या खाणीसाठी जनसुनावणी होते, तिची सूचना निदान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात येते. आपल्या भागात ती होईल तेव्हा घरी बसू नये. तिथे जाऊन साधा प्रश्न विचारावा: वरची माती कुठे ठेवणार, आणि ती परत कधी पसरणार?