दर्शन आणि प्रदर्शन

कावेरीच्या वळणावरून वाऱ्याने वाहून आणलेल्या वाळूने गंगांची राजधानी तलकाड झाकली. होयसळ विष्णुवर्धनाने १११७ मध्ये चोळांवरील विजयाप्रीत्यर्थ उभारलेले कीर्तिनारायणाचे मंदिरही तिच्यातून सुटले नाही. पाताळेश्वर व मरुळेश्वर येथे तर पूर्वी वाळू उपसूनच पोहोचावे लागे. पंचलिंग दर्शनाचा योग २०१३ नंतर थेट २०२० मध्ये आला. येथे पाहणाऱ्याने स्थळकाळाच्या अधीन व्हावे, ही दर्शनाची अट आहे.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियमची रीत याहून भिन्न आहे. कृष्णाकाठच्या अमरावती स्तूपाची शिल्पे १८८० पासून या संग्रहात आहेत. तेथे ती कोणालाही पाहता येतात. मात्र ज्या प्रदक्षिणेसाठी ती घडली, ती प्रदक्षिणा तेथे नाही. हे प्रदर्शन होय. त्याला निव्वळ लूट म्हणून निकालात काढणे सोपे आहे; परंतु अमरावतीचे कित्येक शिलाखंड चुन्यासाठी भाजले गेले, हे सत्यही नाकारता येत नाही.

तेव्हा खरा नैतिक प्रश्न असा, की राखल्याने स्वामित्व प्राप्त होते काय? तलकाडच्या वाळूनेही शिल्पे राखली. परंतु तिने त्यांचे स्थान बदलले नाही. संग्रहालयाने ते बदलले आहे, म्हणून त्याचे उत्तरदायित्व अधिक आहे. राखणारा हा विश्वस्त असतो. वस्तू कोठून व कशी आली हे प्रांजळपणे सांगणे आणि मूळ भूमीचा दावा ऐकून घेणे, हे त्या विश्वस्तपणाचे किमान कर्तव्य ठरते.