मुदपाकखान्यातील प्रार्थना

ब्रदर लॉरेन्स (मृत्यू १६९१) यांच्याकडे पॅरिसमधील कार्मेलाइट मठाच्या मुदपाकखान्याचे काम होते. त्या कामाची त्यांना उपजत नावड होती. तरीही भांड्यांच्या खडखडाटात आणि उपासनेच्या शांततेत त्यांनी भेद मानला नाही. येथे एक नैतिक प्रश्न उद्भवतो : प्रत्येक काम प्रार्थना ठरू लागले, तर कष्टकऱ्यावर लादलेल्या ओझ्यालाही पावित्र्य लाभणार नाही काय? उत्तर लॉरेन्स यांच्या आचरणातच आहे. काम नेमून दिलेले होते. ईश्वराप्रीत्यर्थ केलेले अर्पण मात्र त्यांचे स्वतःचे होते. काम दुसऱ्याकडून करवून घेता येते, अर्पण नाही. म्हणूनच श्रमाला प्रार्थना मानण्याचा उपदेश मालकाने नोकराला करू नये. तो ज्याने त्याने स्वतःलाच करावा.