वारसा आणि अपराध

योहानाच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायात जन्मांध मनुष्य दिसताच शिष्यांना पहिला प्रश्न सुचला तो त्याच्या किंवा त्याच्या आईबापांच्या पापाचा. प्रभूने दोन्ही तर्क नाकारले. तरी तो प्रश्न आपल्या मंडळ्यांतून अजून गेलेला नाही. “त्यांच्या रक्तातच आहे,” असे आपण आजाऱ्याच्या घरून परतताना म्हणतो, तेव्हा तोच प्रश्न नवी वस्त्रे लेवून आलेला असतो.

उतारवयातील एक रोग उदाहरणादाखल घेऊ. जायंट सेल आर्टेरायटिस ह्या रोगात रोहिण्यांच्या, विशेषतः कानशिलावरील रोहिणीच्या, भिंती सुजतात. १८९० साली जोनाथन हचिन्सन ह्या इंग्रज शल्यवैद्याने अशा एका वृद्धाविषयी लिहिले. वेदनेमुळे त्याला टोपी घालवत नसे. हा रोग पन्नाशीच्या आत सहसा होत नाही. तो स्त्रियांत अधिक. उत्तर युरोपातील लोकांत पुष्कळ, आशियाई लोकांत कमी. एचएलए-डीआरबी१ नावाच्या जनुकाचे ०४ गटातील प्रकार ह्या रुग्णांत जास्त आढळतात. आपले व परके ओळखण्याच्या शरीराच्या कामात हा जनुक भाग घेतो. परंतु हे प्रकार अंगी असूनही बहुतेकांना हा रोग कधीच होत नाही, आणि ते नसलेल्या कित्येकांना होतो.

म्हणजे वारसा कल दाखवितो, निकाल देत नाही. जे आपण निवडले नाही त्याचा दोष आपल्यावर येत नाही, आणि आपल्या आईबापांवरही नाही.

मग आपली जबाबदारी कोठे उरते? ह्या रोगात डोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून दृष्टी एकाएकी जाऊ शकते, व गेलेली बहुधा परत येत नाही. स्टेरॉइड औषध वेळेवर सुरू झाले तर ती बहुतेक वेळा वाचते. म्हातारी आई म्हणते, डोके कधी नव्हे असे दुखते, केस विंचरताना टाळू दुखते, घास चावताना जबडा भरून येतो, आणि आपण म्हणतो, “वय झाले आता.” रक्तातील जनुकाचा जाब आपल्याला कोणी विचारणार नाही. ह्या तीन शब्दांचा मात्र द्यावा लागेल.

प्रभू उत्तर देऊन पुढे निघून गेला नाही. त्याने चिखल करून त्या मनुष्याच्या डोळ्यांना लावला. रविवारच्या शाळेत हा अध्याय शिकविताना आपण शिक्षकांनी मुलांना एवढेच विचारावे: घरातील आजीआजोबांचे दुखणे ह्या आठवड्यात कोणी ऐकून घेतले?